नवीन डिग्री कोर्सला ॲडमिशन घेताय? आधी स्कॉलरशिपचं नीट तपासा: नाशिकच्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने

"मॅडम, महाडीबीटीवर आमचा कोर्सच दिसत नाहीये." महाडीबीटी, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचं राज्याचं पोर्टल, त्याबद्दल हे दर वर्षी ॲडमिशन झाल्यावर ऐकायला मिळतं, आणि तोपर्यंत फीचा पहिला हप्ता भरून झालेला असतो, टीसी काढलेला असतो, गंगापूर रोडला नाहीतर पंचवटीत कॉट बेसिसवर रूमही घेतलेली असते. मी नाशिकमधल्या एका कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर काम करते. फॉर्म कसा भरायचा याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण गडबड फॉर्ममध्ये कमी आणि त्याच्या आधी जास्त होते. कोर्सला मान्यता आहे असं सांगितलं की आपण मान डोलवतो, पण ही मान्यता म्हणजे एकच निर्णय नसतो, वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले चार-पाच निर्णय असतात आणि तुमची स्कॉलरशिप त्यातल्या शेवटच्या दोन-तीनवर अडकलेली असते.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिले चार टप्पे ॲडमिशन घ्यायच्या आधीचे आहेत, ते नंतर करून काही उपयोग नाही.

टप्पा १: डिग्री नेमकी कोण देणार ते लिहून घ्या

कॉलेजचं नाव नको, डिग्रीच्या सर्टिफिकेटवर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार ते विचारा. नाशिकमध्ये हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा, कारण इथे चार तऱ्हेची विद्यापीठं आहेत आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा, मान्यतेचा रस्ता वेगळा.

बहुतेक आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे शिकवतं कॉलेज आणि डिग्री देतं विद्यापीठ. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे त्यांच्याकडे येतात, त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ लागू. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी वगैरे सगळं दिंडोरी रोडच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, त्याचा स्वतःचा १९९८ चा कायदा. घरी बसून शिकायचं असेल तर गंगापूर धरणाजवळचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, ते १९८९ पासूनचं. आणि चौथं म्हणजे खाजगी विद्यापीठ, जे डिग्री स्वतःच देतं, कुणाशी संलग्न नसतं.

अजून एक प्रकार लोक विसरतात, स्वायत्त कॉलेज. त्याची स्वतःची अभ्यास मंडळं आणि स्वतःची विद्या परिषद असते, परीक्षाही ते स्वतः घेतात, पण डिग्री मूळ विद्यापीठाचीच असते. त्यामुळे "आम्ही स्वायत्त आहोत, आम्हाला विद्यापीठाला विचारावं लागत नाही" असं कुणी म्हणालं तर पुढचे प्रश्न अजून नीट विचारा.

सावधान: खाजगी विद्यापीठ बेकायदेशीर नसतं, डिग्री खरीच असते. पण काही सरकारी योजना स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांना सरळ वगळतात, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती त्यातलीच एक. तिथे "आमची स्वतःची स्कॉलरशिप आहे" असं सांगतात, तेव्हा ती पहिल्याच वर्षी की सगळ्या वर्षांना आणि पुढे चालू राहायला मार्कांची अट किती, हे ॲडमिशन लेटरवरच लिहून मागा.

टप्पा २: कोर्सची गाडी कुठल्या स्टेशनवर उभी आहे ते शोधा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर सांगते. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजातल्या नवीन कोर्ससाठी दोन वेगवेगळ्या मान्यता लागतात आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली मान्यता अभ्यासक्रमाची. सिलॅबस आधी अभ्यास मंडळात बनतो, विद्याशाखेत जातो, मग विद्या परिषदेत. शैक्षणिक बाबतीत विद्या परिषद हीच मुख्य. तिने हो म्हटलं म्हणजे त्या नावाचा, त्या सिलॅबसचा कोर्स विद्यापीठात आहे, एवढंच.

दुसरी मान्यता तुमच्या कॉलेजची, म्हणजे हा कोर्स या कॉलेजने या वर्षापासून सुरू करावा की नाही. विद्यापीठाचा बृहत् आराखडा असतो, कुठल्या भागात कुठली कॉलेजं आणि कोर्स लागतील याचा पाच वर्षांचा प्लॅन, त्यात बसत नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही. बसत असेल तर कॉलेज आदल्या वर्षीच विद्यापीठाकडे अर्ज करतं, अधिष्ठाता मंडळ छाननी करतं, व्यवस्थापन परिषदेच्या शिफारशीने तो मंत्रालयात जातो, परवानगी शासन देतं, आणि मग विद्यापीठ संलग्नीकरण देतं. कायदा स्पष्ट आहे की पहिलं संलग्नीकरण मिळाल्याशिवाय मुलांना प्रवेश द्यायचा नाही.

आता होतं काय, पहिली मान्यता असते, दुसरी वाटेत असते आणि बॅनर लागलेला असतो. मागे सुरगाण्याहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती, दुसऱ्याच कुठल्या तरी कॉलेजला ॲडमिशन घेतलेलं, कुणीतरी सांगितलं म्हणून आमच्या टेबलावर चौकशीला आली. तिच्या मोबाईलमध्ये मान्यतेच्या पत्राचा फोटो होता, लेटरहेड खरं, जावक क्रमांक खरा, सही-शिक्का खरा. पहिला परिच्छेद वाचला तर मान्यता दिसत होती. दुसऱ्या परिच्छेदात "शासनाच्या मान्यतेच्या अधीन राहून" असं होतं आणि फोटो तिथेच कापलेला. वडिलांनी ते पत्र विश्वासाने घेतलं होतं, त्यांची काही चूक नाही, असं पत्र समोर धरल्यावर कुणीही विश्वास ठेवेल. पण त्या एका ओळीमुळे तिचा कोर्स महाडीबीटीवर नव्हता.

म्हणून कॉलेजकडे या तीन कागदांच्या झेरॉक्स मागा, आणि सगळी पानं मागा, पहिलं पान नको:

१. त्या कोर्सच्या परवानगीचा शासन निर्णय किंवा शासनाचं पत्र, ज्यात कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि प्रवेश क्षमता लिहिलेली आहे.
२. विद्यापीठाचं चालू शैक्षणिक वर्षाचं संलग्नीकरण पत्र.
३. कोर्सला वरची परिषद लागत असेल तर तिचं या वर्षाचं मान्यतापत्र. इंजिनिअरिंग, मॅनेजमेंटला एआयसीटीई, एमबीबीएसला राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग, लॉला बार कौन्सिल, बीएडला एनसीटीई.

तपासा: पत्रात "तत्त्वतः", "अधीन राहून", "अटींची पूर्तता केल्यानंतर", "इरादापत्र" यातलं काही असेल तर ती अंतिम मान्यता नाही. त्यानंतरचं पत्र कुठे आहे ते विचारा. कोर्सचं नाव अक्षर न अक्षर जुळवा, माध्यम आणि तुकडी पण बघा, एका तुकडीची परवानगी असताना दोन तुकड्या भरल्या की दुसऱ्या तुकडीतली मुलं अडकतात.

डिग्रीचं नावही बघून घ्या. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आयोगाने ठरवलेल्या नावांच्याच डिग्र्या देता येतात. ब्रोशरवर एआय, डेटा, फिनटेक असं काहीही छापलेलं असू दे, डिग्रीवर बीएससी, बीकॉम, बीटेक असंच काहीतरी यायला हवं आणि बाकीचं कंसात. ब्रोशरवरचं नाव वेगळं आणि शासनाच्या पत्रातलं वेगळं असेल तर फॉर्म भरताना पत्रातलं नाव धरायचं.

मुक्त विद्यापीठाला हा रस्ता नाही. तिथे यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची त्या कोर्सला त्या सत्रासाठी मान्यता लागते, यादी ब्युरोच्या वेबसाईटवर असते. २०२४-२५ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी (याच ब्युरोचा क्रमांक) काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (क्रेडिट साठवायच्या ऑनलाईन खात्याचा क्रमांक) लागतो, मुलं उलट्या क्रमाने जातात आणि अडकतात. इंजिनिअरिंग, नर्सिंग, लॉ असले कोर्स दूरशिक्षणाने चालत नाहीत, कुणी देत असेल तर तिथून उठून या.

टप्पा ३: कोर्स व्यावसायिक की बिगर-व्यावसायिक

तुम्हाला कुठली योजना लागू होणार आणि किती टक्के मिळणार, ते यावर ठरतं. आणि हे कॉलेज ठरवत नाही.

उदाहरण बीबीए, बीसीए, बीएमएसचं घ्या. २०२४-२५ पासून हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारं कार्यालय) प्रवेश परीक्षा सुरू झाली. मग राज्यातल्या काही कॉलेजांनी कोर्सचं नाव बदलून बीकॉम, बीएससीच्या नावाखाली जवळपास तोच विषय शिकवायला घेतला. शिकायला ते वाईट असेलच असं नाही. पण फीच्या सवलतीच्या बाजूने बघितलं तर एक कोर्स व्यावसायिक आणि कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, दुसरा पारंपरिक आणि थेट प्रवेशाचा, दोघांचा हिशोब पूर्ण वेगळा. "सिलॅबस सेमच आहे" हे ऐकून ॲडमिशन घेऊ नका.

व्यावसायिक कोर्सला राजर्षी शाहू योजना आणि मुलींची १०० टक्के सवलत ही कॅपमधून आलेल्यांनाच. मॅनेजमेंट कोटा, संस्था स्तरावरच्या जागा यांना नाही. रिकाम्या राहिलेल्या जागेवर शेवटच्या आठवड्यात कॉलेजने फोन करून बोलावलं आणि तुम्ही धावत जाऊन भरलीत, तर ती जागा कॅप राऊंडची की संस्था स्तरावरची, हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचा. अलॉटमेंट लेटर हातात नसेल तर ती कॅपची नाही असंच समजून चला.

सावधान: जुनं अनुदानित कॉलेज असलं तरी नवीन कोर्स बहुतेक विनाअनुदानित म्हणूनच येतो. नावाजलेल्या कॉलेजात मोठ्या भावाने बीएससीला अगदी थोडी फी भरली म्हणून त्याच बिल्डिंगमधल्या नव्या कोर्सलाही तेवढीच असेल असं धरू नका.

टप्पा ४: फी कुणी ठरवली आणि तिचे तुकडे कसे पडतात

खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, २०१५ च्या कायद्याप्रमाणे. त्यांच्या साईटवर कॉलेज आणि कोर्सनुसार आकडा असतो, तो काढून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पारंपरिक कोर्सची फी विद्यापीठाच्या शुल्क निश्चितीप्रमाणे असते, त्याचं परिपत्रक मागा.

मग कॉलेजकडून फीचं विभागणीपत्रक घ्या. ट्यूशन फी वेगळी, परीक्षा फी वेगळी, डेव्हलपमेंट फी वेगळी, आणि मग लायब्ररी, युनिफॉर्म, बस, होस्टेल, डिपॉझिट. सवलत एकूण रकमेवर मिळते असा बहुतेकांचा समज असतो आणि तोच महागात पडतो. समजा एकूण फी ९०,००० आहे आणि त्यात ट्यूशन ६५,००० आणि परीक्षा फी ३,०००. मुलीला १०० टक्के सवलत बसली तरी ती या ६८,००० वर, उरलेले २२,००० घरातूनच भरायचे. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, तुमच्या कॉलेजचे तुम्ही घाला आणि चार वर्षांनी गुणा.

तपासा: सवलतीला पात्र मुलांकडून सवलतीची रक्कम आधी भरून घेऊ नका अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिलेल्या आहेत. तरी आग्रह झालाच तर वाद घालत बसू नका, "सवलतीस पात्र असताना पूर्ण शुल्क का घेतले जात आहे" असा लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि पावतीवर ट्यूशन फी वेगळी दाखवायला लावा. नुसती "फी" म्हणून एकच आकडा टाकलेली पावती पुढे कामाची नाही.

टप्पा ५: तुमची योजना एकच, ती नीट निवडा

महाडीबीटीवर नावं खूप दिसतात. आपल्याकडे जास्त येणारी ही:

अनुसूचित जाती: कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्याच्या वर असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फीची योजना, जिला सगळे फ्रीशिप म्हणतात. पोस्टमॅट्रिकमध्ये फीबरोबर निर्वाह भत्ताही असतो, फ्रीशिपमध्ये फक्त फी.

अनुसूचित जमाती: अडीच लाखांची रेघ इथेही तशीच. योजना आदिवासी विकास विभागाच्या, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना वेगळी बघा. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकच्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण फीपेक्षा नाशिकचं राहणं-खाणंच जड जातं.

ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग): आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्यावसायिक कोर्सला मुलांना ट्यूशन आणि परीक्षा फीच्या ५० टक्के. मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून १०० टक्के, आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही, आणि अनाथ मुला-मुलींनाही. भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या योजना वेगळ्या आहेत, त्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाखाली दिसतील.

राजर्षी शाहू योजनेत कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांची अट आहे, रेशनकार्ड आणि स्वयंघोषणापत्र त्यासाठीच मागतात, तिसऱ्या भावंडाने आधीच हिशोब करावा. आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक डिग्री पूर्ण करून परत त्याच स्तराची दुसरी डिग्री घेतली, बीएनंतर बीकॉम असं, तर मिळत नाही.

टप्पा ६: दाखले काढायचा क्रम

दाखल्यांची यादी सगळ्यांना माहीत असते, पण काढायचा क्रम चुकतो.

आधी आधार, दहावीचं मार्कशीट आणि बँक पासबुक शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव जुळवा. आडनाव आधी की नंतर, वडिलांच्या नावापुढे "राव" किंवा "भाऊ" आहे का, जन्मतारीख तीच आहे का. दुरुस्ती लागत असेल तर ती पहिली, कारण पुढचे सगळे दाखले त्याच नावावर निघणार.

मग उत्पन्नाचा दाखला, तहसीलदारांचाच. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न त्यात यायला हवं. मागच्या वर्षीचा दाखला लावला की फॉर्म परत येतो. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून काढता येतो, पण जूनमध्ये गर्दी असते म्हणून एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक फॉर्ममध्ये लागतो, लॅमिनेशन करताना तो झाकला जाऊ देऊ नका.

नॉन-क्रिमीलेअर हा वेगळा दाखला आहे, उत्पन्नाच्या दाखल्याच्या जागी तो चालत नाही आणि त्याच्या जागी उत्पन्नाचा चालत नाही.

जात पडताळणी अकरावी-बारावीतच टाकायची, सायन्सच्या मुलांनी तर नक्कीच. नाशिकमध्ये अनुसूचित जाती, ओबीसी, भटक्या-विमुक्तांचं काम नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, आणि अनुसूचित जमातीची पडताळणी समिती वेगळी, तिची चौकशी जुन्या आग्रा रोडला गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात करा. चुकीच्या इमारतीत जाऊन दिवस घालवणारी माणसं मी दर आठवड्याला बघते, कळवणहून सकाळची एसटी पकडून आलेल्या माणसाचा एक दिवस म्हणजे एक रोज बुडाला.

सावधान: बँक खातं आधारशी लिंक असणं आणि पैसे यायला सीड असणं (सरकारी पैसे याच खात्यात जावेत अशी आधारवर नोंद असणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल तिथेच पैसे जाणार, फॉर्ममध्ये तुम्ही काहीही लिहा. बरेचदा ते लहानपणी गावाकडे काढलेलं, वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं निघतं. ते आधी चालू करून घ्या.

टप्पा ७: फॉर्म भरताना

एका विद्यार्थ्याचा एकच आयडी. पासवर्ड विसरला म्हणून सायबरवाल्याने दुसरा काढून दिला की दोन्ही अडकतात, जुनाच परत मिळवा. मोबाईल नंबर स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा नको, ओटीपी तीन-चार वर्षं लागत राहणार आहे.

मग चालू कोर्सची माहिती. जिल्हा, तालुका, कॉलेज, कोर्स अशा याद्या उघडत जातात. एकाच संस्थेची नाशिकमध्ये पाच-सहा कॉलेजं असतात, नावं जवळपास सारखी, तेव्हा कॉलेजचा कोड बघून निवडा. मग कोर्सची यादी येते.

इथे कोर्स सापडला नाही तर थांबा. सगळ्यात मोठी चूक या ठिकाणी होते: नवा कोर्स दिसत नाही म्हणून पोरं त्याच कॉलेजचा दुसरा, त्यातल्या त्यात जवळचा कोर्स निवडून सबमिट करतात. कधीकधी शेजारी बसलेला कुणी "टाकून दे, चालतं" असंही सांगतो. चालत नाही. पुढे छाननीत मार्कशीट आणि अलॉटमेंट जुळत नाही, फॉर्म रिजेक्ट होतो, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणही त्याच चुकीच्या कोर्सवर अडकतं.

करायचं ते हे: कोर्सच्या यादीचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा की अमुक कोर्स पोर्टलवर उपलब्ध नाही, कृपया जोडून घ्यावा. कोर्स जोडण्याची मागणी कॉलेजने स्वतःच्या लॉगिनमधून करायची असते, सोबत टप्पा २ मधली मान्यतेची पत्रं लागतात, आणि संबंधित खातं ती मंजूर करतं. म्हणजे पत्रं असतील तर हे काम होतं, वेळ लागतो पण होतं. पत्रं नसतील तर कुणाच्याही ओळखीने होत नाही.

अजून दोन जागा: कोर्सचा कालावधी नीट बघा, नव्या शैक्षणिक धोरणात तीन आणि चार वर्षांच्या डिग्र्या शेजारी-शेजारी दिसतात. आणि कॅपचा ॲप्लिकेशन आयडी ॲडमिशन लेटरवरून बघून टाका, आठवणीतून नको.

तपासा: सबमिट झाल्यावर ॲप्लिकेशन आयडी असलेली पीडीएफ डाऊनलोड करा. ती नसेल तर फॉर्म गेलेला नाही, अर्धवट सेव्ह झालाय.

टप्पा ८: सबमिट केल्यानंतर

फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, मग खात्याच्या. कॉलेजकडे कागदपत्रांची फाईल द्यायची असेल तर ती लगेच द्या, आमच्या टेबलावर ऑनलाईन फॉर्म दिसतो पण ओरिजिनल बघितल्याशिवाय आम्ही पुढे ढकलू शकत नाही.

आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघा. "सेंट बॅक" आलं असेल तर खाली शेरा असतो, तो पूर्ण वाचा, तेवढीच दुरुस्ती करा आणि परत सबमिट करा. शेरा न वाचता तोच कागद परत अपलोड करणारे खूप असतात. मुदत संपल्यावर नजरेस पडलेला परत आलेला फॉर्म वेळेवर लॉगिन केलं असतं तर मुदतीच्या आत सापडला असता, असं दर वर्षी कुणाला तरी सांगावं लागतं आणि ते सांगताना फार वाईट वाटतं.

नव्या कोर्सच्या मुलांनी दुसऱ्या वर्षी परत टप्पा २ करायचा. कोर्सचं संलग्नीकरण पुढे चालू ठेवून घ्यावं लागतं, कॉलेजकडून ते राहिलं तर नूतनीकरणाच्या वेळी अडचण येते. जूनमध्ये ऑफिसात जाऊन चालू वर्षाचं पत्र आलंय का एवढं विचारायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

टप्पा ९: कागद मिळतच नसतील तर

कॉलेज पत्रं दाखवत नसेल तर विद्यापीठाची साईट बघा. संलग्न कॉलेजं आणि त्यांचे मान्य कोर्स, विद्या परिषद आणि व्यवस्थापन परिषदेच्या बैठकांची इतिवृत्तं तिथे शोधता येतात. इतिवृत्तात कोर्सचं नाव सापडलं तरी ठराव "मान्य", "शिफारस" की "पुढील बैठकीत ठेवावा", ते नीट वाचा.

मग माहिती अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. अर्जात "कोर्स मान्यताप्राप्त आहे का" असं विचारू नका, त्याला "होय" एवढंच उत्तर येईल. "अमुक महाविद्यालयात अमुक अभ्यासक्रम सुरू करण्यास शासनाने दिलेल्या परवानगीची व चालू वर्षाच्या संलग्नीकरणाची साक्षांकित प्रत द्यावी" असं मागा.

आणि ॲडमिशन रद्द करायची वेळ आली तर तारखेकडे बघा. फी परताव्याचं धोरण यूजीसी जाहीर करतं, २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून परतावा असं होतं. कॅपच्या जागांना सीईटी सेलचे नियम वेगळे. तुमच्या वर्षाचं परिपत्रक काढा आणि रद्द करण्याचा अर्ज तोंडी नाही, लेखी द्या.

टप्पा १०: विद्यापीठाची स्वतःची मदत, आणि ती वाढवून हवी असेल तर

महाडीबीटीच्या बाहेरही काही असतं. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत कॉलेजांत चालते, लायब्ररी, लॅब, ऑफिसमध्ये तासाप्रमाणे काम आणि तासाप्रमाणे पैसे. सत्र सुरू झाल्या झाल्या कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे नाव द्या, जागा मोजक्या असतात. नवीन कोर्सच्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून ती मागे राहतात, त्यांनाही अर्ज करता येतो.

तासाचे पैसे वाढवून हवेत, नाशिक उपकेंद्राच्या मुलांसाठी वेगळी तरतूद हवी, अशी मागणी असेल तर कुलगुरूंना निवेदन देऊन फोटो काढला की काम झालं असं बहुतेक संघटना धरतात. त्याने निर्णय होत नाही. पैशाच्या अंदाजपत्रकाला मंजुरी अधिसभा (विद्यापीठाची सिनेट) देते आणि तिची अंदाजपत्रकाची बैठक साधारण मार्चमध्ये असते. मार्चमध्ये निवेदन दिलं तर त्याआधीच कागद छापून झालेले असतात. म्हणून दिवाळीनंतर लगेच लागा. आधी विद्यार्थी विकास मंडळाकडे लेखी मागणी, किती मुलं, किती रक्कम, आत्ता किती मिळतात ते आकड्यात. त्याची प्रत व्यवस्थापन परिषदेच्या सदस्याला. आणि तिसरी प्रत आपल्या जिल्ह्यातल्या अधिसभा सदस्याला. नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून आलेले १० सदस्य तिथे असतात, प्रश्न विचारणं आणि ठराव मांडणं त्यांच्या हातात आहे. सदस्याला भेटताना त्याच्या हातात तयार ठरावाचा मसुदा द्या, चार ओळींचा, ज्यात रक्कम आणि योजनेचं नाव आहे, भाषण नको.

हा रस्ता फक्त पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांचा. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विद्यापीठाचे कायदे वेगळे, आणि खाजगी विद्यापीठात हे निर्णय त्यांचं नियामक मंडळ आणि व्यवस्थापन मंडळ घेतं, तिथे मागणी कुलसचिवांच्या नावे द्यायची. कुठेही द्या, आवक क्रमांक आणि तारीख घातलेली प्रत परत घ्या, पुढच्या बैठकीत सदस्य पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतात.